आभाळातलं बुजगावणं

आंजीच्या बसस्टँडवर सुरभी उमाटे दिसली की कोणी ना कोणी विचारणारच, "मॅडम, सिलिंडर कधी येईन जी?" गावाने तिला गॅसवाली मॅडम करून टाकलं आहे. चूक तिचीच. पीएचडीला लागली तेव्हा गावाने सत्कार केला, सरपंचांनी माईकवरून विचारलं, "पोरी, कायचा अभ्यास करतं तू?" आणि ही भोळेपणाने म्हणाली, "गॅसचा." पुढचं, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांमध्ये साठलेल्या हायड्रोजन वायूचा, हे ऐकायला सरपंच थांबतात कुठे? माईक पुढच्या वक्त्याकडे गेला. तेव्हापासून सिलिंडर तिच्या मानगुटीला बसलं ते बसलंच.

ती हसते. पण तिच्या हसण्यावर जाऊ नका. ही बाई कोकिळाबाईंची लेक आहे. कोकिळाबाईंच्या कोंबडीला शेजारणीने एकदा दगड मारला होता, तर यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. वर्षं गेली. शेजारीण पोरीच्या लग्नाचं कुंकू लावायला दारात आली, तेव्हा कोकिळाबाई इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य बोलल्या, "कोंबडी लंगडे वं माही." कोंबडी मरून जमाना झाला होता. राग मात्र ठणठणीत होता, आणि तो लेकीच्या रक्तात जसाच्या तसा उतरला आहे.

बाप किसनराव मात्र त्या घरात चुकून आल्यासारखा. कोणी शेताचा धुरा, म्हणजे बांध, सरकवला तर म्हणे, जाऊ दे. कोणी बैलगाडी मागून नेली आणि चाक मोडून आणली तर म्हणे, जाऊ दे, चाकच होतं. गावात सगळे त्याला गरीब गाय म्हणत आणि कोकिळाबाई त्याच शब्दांवर कपाळ बडवून घेत.

तर या घरात एकदा पोळ्याला आदेश लोणकर जेवायला आला, आणि इथून ही गोष्ट सुरू होते.

आदेश हिंगणघाटचा. पुण्याच्या ज्या संशोधन संस्थेत सुरभी पीएचडी करत होती, तिथे तो तिच्या गटातला सीनियर, नुकताच डॉक्टर झालेला. पुण्यात सगळे "आहे ना", "नाही का" करत फिरत असताना जिन्यावर मागून कोणी "काऊन वं, जेवली का नाई?" असं विचारलं, तर वर्धा जिल्ह्यातल्या पोरीचा जीव भांड्यात पडणारच. तिने त्याला भाऊ मानलं. किसनरावांना तर काय सांगू! "आपल्या जिल्ह्याचा पोरगा हाय, मंग काय काळजी," असं ते बसमध्ये अनोळखी माणसालाही सांगत. पोळ्याला त्याला आंजीला बोलावलं. पुरणपोळीवर तूप, वरून तूप, नको म्हणाला तरी तूप. काकाजी, काकाजी करत त्याने ताट चाटून पुसून साफ केलं, आणि मग मोत्याला घास भरवला.

मोत्या म्हणजे किसनरावांचा बैल. पांढराशुभ्र, आणि एक शिंग वेडं. वासरू असताना गोठ्याच्या आडव्या लाकडात अडकून डावं शिंग दुखावलं, ते वाढलं पण वर गेलंच नाही. अर्ध्यावर येऊन खाली वळलं. उजवं मात्र ताठ, उंच. बाजारात अशा बैलाला गिऱ्हाईक नसतं. किसनरावांनाही विकायचा नव्हता. त्या दिवशी आदेशने मोत्याच्या त्या वेड्या शिंगावर हात ठेवून फोटो काढला. सुरभीनेच तो आपल्या मोबाइलवर काढला. दोघंही दात काढून हसताहेत असं वाटतं, आदेश आणि मोत्या.

आता तिचं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचा सूड नीट चवीने खाता येईल.

कोकिळाबाईंनी एकदा विचारलं होतं, "त्या गॅसचं तू करतं तरी काय?" सुरभी म्हणाली, "आई, तारे म्हंजे सूत, आन हा वायू म्हंजे कापूस. कापूस हाय तवरिक सूत निंघते. कापूस सरला का गिरणी बंद. मी पाहून राह्यली का लय जुन्या काळात, लय दूरच्या गिरण्यांमंदी कापूस किती होता." कोकिळाबाईंना हे लगेच पटलं. हिंगणघाटच्या गिरण्या त्यांनी चालू पाहिल्या होत्या आणि बंदही.

हा वायू डोळ्याला दिसत नाही. तो अगदी क्षीण रेडिओ लहरी सोडतो, आणि मोठमोठ्या अँटेनांच्या दुर्बिणीने त्या पकडाव्या लागतात. पकडलेल्यात वायू कमी आणि कचरा जास्त. मोबाइलचा कचरा, उपग्रहांचा कचरा, विजेच्या तारांचा कचरा. तो निवडून टाकणारा प्रोग्रॅम सुरभीने वर्षानुवर्षं खपून लिहिला होता. दीर्घिका गरगर फिरत असते, तिची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते. म्हणून आलेखात एकाऐवजी दोन टोकं वर येतात. या धंद्यातली माणसं त्यांना शिंगंच म्हणतात. कुठल्याही देशातला शास्त्रज्ञ असो, शिंगंच म्हणणार. सुरभीला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती वर्गात एकटीच खुदकन हसली होती.

आणि या धंद्यात एक रीत आहे. प्रोग्रॅम कचऱ्याबरोबर वायूही फेकून देत नाही ना, हे तपासायचं कसं? तर दुर्बिणीच्या नोंदींमध्ये आपल्या हाताने वायूचा एक खोटा ढग घालायचा आणि प्रोग्रॅम चालवायचा. ढग दुसऱ्या टोकाला शाबूत निघाला, तर प्रोग्रॅम खरा. मग तो खोटा ढग काढून टाकायचा आणि कामाला लागायचं. सुरभी त्याला बुजगावणं म्हणे. आपण उभं केलेलं बुजगावणं आपल्यालाच माणूस वाटू नये म्हणून त्याच्यावर काहीतरी ओळखीची खूण ठेवावी लागते. तिने खूण ठेवली ती मोत्याची. उजवं शिंग उंच, ताठ. डावं अर्ध्यावर येऊन खाली वळलेलं. फाइलीला नावही दिलं, मोत्या. प्रोग्रॅम चालवला आणि मोत्या पलीकडून जसाच्या तसा बाहेर आला. पोरगी खुर्चीवरून उठून नाचली.

त्याच दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. कोकिळाबाईंच्या पोटात गाठ निघाली होती आणि ऑपरेशन लगेच करायचं होतं. सुरभीने आहे त्या कपड्यांवर गाडी पकडली. बुजगावणं काढायचं राहिलं. फाइल गटाच्या सामायिक जागेत तशीच पडून राहिली, शिंगांसकट.

आई बरी व्हायला दीड-दोन महिने गेले. त्या दिवसांत आदेशचा फोन रोज येई. "काकू कशा आहे? तू टेन्शन नको घेऊ. इकडचं मी पाहून राह्यलो." किती गोड बोलणं! आणि खरंच पाहत होता तो. इतकं पाहिलं की सुरभी परत पुण्याला गेली तेव्हा त्याचा शोधनिबंध पाठवून झाला होता. आजवर दिसलेल्यांत सगळ्यात दूरच्या दीर्घिकेतला वायू. शोध कोणाचा? डॉ. आदेश लोणकर यांचा. प्रोग्रॅम तिचा, नोंदी निवडल्या तिने, आणि तिचं नाव शेवटी आभारात, 'संगणकीय मदतीबद्दल'. चहावाल्याचे आभार मानतात तसे.

ती त्याच्यावर धावून गेली. आलेख पाहायचं तिला तेव्हा सुचलंही नाही. डोक्यात एवढंच होतं की माझं काम याने खाल्लं. "माझा प्रोग्रॅम, माझ्या फाइली, आन मला विचारलंही नाही?" आदेश शांतपणे म्हणाला, "मजुरी तुझी होती, डोकं माझं होतं." जिल्ह्याची भाषा एका दिवसात कुठे गेली कोण जाणे. तिने गाइडकडे तक्रार केली. गाइडला मोठा शोध हवा होता, भांडण नको होतं. तिची शिष्यवृत्ती वाढवायची वेळ आली तेव्हा ती वाढली नाही, बस.

आणि मग किसनराव पुण्याला आले. कोणालाही न सांगता, पिशवीत तूरडाळ आणि चिवडा घेऊन. त्यांना वाटलं, आदेशला समजावून सांगू, आपलाच पोरगा आहे. आदेशने त्यांना केबिनबाहेरच्या बाकावर बसवलं. माणसं आली, गेली, चहा आला, गेला, किसनराव बसून. पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही. दिवस कलता कलता तो बाहेर आला, उभ्याउभ्याच, घड्याळाकडे बघत म्हणाला, "काकाजी, पोरीचं लग्न करून टाका आन तुम्ही तुमची शेती पाहा. हे आभाळाचं काम तिच्या डोक्याचं नाही."

ज्याच्या घरची पुरणपोळी खाल्ली त्या माणसाला! अरे, कुत्रंसुद्धा खाल्ल्या घराला भुंकत नाही.

सुरभी जिन्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं. बाप बाकावरून उठला, पिशवी उचलली, तिला बघून कसनुसं हसला आणि म्हणाला, "जाऊ दे वं." त्या "जाऊ दे"ने तिच्या काळजात जी आग लागली, ती आदेशच्या चोरीनेही लागली नव्हती.

बापाला गाडीत बसवून ती खोलीवर आली आणि पुणं सोडायचं म्हणून सामान भरता भरता पहिल्यांदाच त्याचा निबंध शेवटपर्यंत चाळला. आलेख समोर आला. उजवं शिंग उंच, ताठ. डावं अर्ध्यावर येऊन खाली वळलेलं.

मोत्या!

तिने आलेख मोठा करून पाहिला. मग हसायला लागली, आणि इतकी हसली की शेजारच्या खोलीतली पोरगी दार वाजवायला लागली. या माणसाने आभाळातला वायू चोरलाच नव्हता. याने बुजगावणं चोरून नेलं होतं आणि त्यालाच पाटील म्हणून मिरवत होता. फाइलीवर मोत्याचं नाव, आलेखात मोत्याचं शिंग, त्याच शिंगावर याने हात ठेवलेला. तरी ओळखलं नाही. आणि एक शब्द विचारला असता, "सुरभी, हे मोत्या काय आहे?" तर तिने सांगितलं असतं. पण विचारलं तर वाटा द्यावा लागतो. हावरटाला घाईच असते.

तिथल्या तिथे सांगितलं असतं तर काय झालं असतं? निबंध अजून छापून यायचा होता. त्याने गुपचूप परत घेतला असता, वरून पाठ थोपटून म्हणाला असता, बरं झालं सांगितलंस. आणि बाप बाकावर बसला तो बसलाच असता. नाही. सुरभीने ठरवलं, चढू दे. जितका उंच चढेल तितका चढू दे. फांदीला आपण हात लावायचा नाही, आपण फक्त खाली उभं राहायचं.

आणि तो चढला की हो. निबंध छापला, गाजला. पेपरात आलं, 'वर्धा जिल्ह्याच्या सुपुत्राने शोधली दूरची दीर्घिका'. तो प्राध्यापक झाला, परदेशात व्याख्यानं देऊ लागला. दुसऱ्यांना तो वायू दिसेना तेव्हा ते म्हणाले, आमची यंत्रं कमी पडत असतील. त्याच्या मूळ नोंदी मुदतीनंतर दुर्बिणीच्या भांडारातून जगाला खुल्या झाल्या, पण दुसऱ्याने चावलेला ऊस पुन्हा कोण चावतो? कोणी उघडून पाहिल्या नाहीत. सुरभी आंजीहून बसने वर्ध्याला जाई, कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवी, संध्याकाळी घरी येऊन आपला प्रोग्रॅम चालवी आणि खऱ्या वायूचे लहान लहान निबंध लिही. आदेशची प्रत्येक बातमी ती वाचे. कोकिळाबाईंना तिने सगळं सांगितलं होतं. त्या दर पोळ्याला विचारत, "पिकला का वं?" ती म्हणे, "नाई अजून." मोत्या मध्येच म्हातारपणाने गेला. किसनरावांना मात्र बुजगावण्याचं कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगून करणार काय? ते म्हणणार, जाऊ दे.

मग एके दिवशी पुण्याहून लीनाचा फोन आला. लीना त्याच संस्थेत पीएचडी करणारी, आदेशच्या हाताखालची. रडकुंडीला आलेली. तो ढग पुन्हा शोधून दाखवायचं काम तिला दिलं होतं आणि काही केल्या तिला तो दिसत नव्हता. आदेश तिला सगळ्यांसमोर म्हणाला होता की हे आभाळाचं काम तुझ्या डोक्याचं नाही. "मॅडम, तुमचा प्रोग्रॅम आहे म्हणून विचारते. माझं काय चुकतंय? मी सोडून द्यायचा विचार करतेय."

तेच वाक्य. सुरभीने लीनाला खरं सांगितलं, बुजगावण्यापासून शिंगापर्यंत. मग लीना म्हणाली, "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं? माझी दोन वर्षं गेली, मॅडम." आणि फोन ठेवला.

सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे सुरभीच्या लक्षातच आलं नव्हतं. इतकी वर्षं ती एकाच माणसाकडे टक लावून बसली होती, त्या फांदीखालून आणखी कोण जातंय हे तिने पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, आणि तो रागही तिने आदेशच्याच खात्यावर टाकला. सूड घ्यायचा तर आता, नाहीतर ती आणि तो यांच्यात फरक राहणार नव्हता.

लीना रागावली होती, तरी चार दिवसांनी तिने एक आलेख पाठवला. सोबत शब्द एकही नाही. भांडारातल्या कच्च्या नोंदी घेऊन तिने स्वतः सगळं काम पुन्हा केलं होतं. जिथे आदेशच्या आलेखात शिंगं होती, तिथे सपाट रान होतं.

आणि नशीब बघा. त्याच महिन्यात बंडोपंत कॉलेजात आले. बंडोपंत म्हणजे सुरभीच्या कॉलेजच्या शिक्षणसंस्थेचे सचिव, जाकीट घालणारे, प्रत्येक वाक्य 'या ठिकाणी'ने सुरू करणारे. "या ठिकाणी आपण हिंगणघाटला डॉ. लोणकरांचा जिल्ह्याच्या वतीने नागरी सत्कार करतो आहोत. उमाटे मॅडम, पाहुण्यांचा परिचय तुम्ही करून द्या. आमच्यात तो विषय कळणारं दुसरं कोणी नाही." नोकरीत कायम करायचा तिचा कागद बंडोपंतांच्याच टेबलावर होता, हे तेही जाणून होते आणि तीही. ती म्हणाली, "सर, माझं भाग्य."

घरी आल्यावर तिने आईला एवढंच सांगितलं, "पिकला." कोकिळाबाईंनी पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं. किसनरावांना वाटलं लेकीचं भाषण आहे, म्हणून त्यांनीही धुतलेलं धोतर नेसलं आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून खिशात ठेवला.

सभागृह खच्चून भरलं होतं. आदेशचे शाळेचे मास्तर, गल्लीतली माणसं, सासुरवाडी, पंचक्रोशीतले शेतकरी, कॉलेजची पोट्टी. स्टेजवर शाल, श्रीफळ, चांदीचं मानपत्र. आदेश अंगाने सुटला होता, छान दिसत होता. सुरभीला बघून तो क्षणभर चपापला, मग त्याला वाटलं असावं, झालं गेलं विसरली, शेवटी आली ओवाळायला. त्याने मोठ्या मनाने हात हलवला. किसनरावांकडे त्याचं लक्षही गेलं नाही. ते तिसऱ्या रांगेत बसले होते, हात मांडीवर ठेवून.

सुरभी उभी राहिली. माइक हातात घेतला आणि गावच्या बोलीतच सुरू झाली.

"आदेश सर आमच्या घरचेच. पोळ्याले आमच्याकडे आलते, पुरनपोळी खाल्ली, आमच्या बैलाले घास भरवला. हा पाहा फोटो." पडद्यावर मोत्या आला. वेड्या शिंगावर आदेशचा हात. सभागृहात टाळ्या कडाडल्या. बंडोपंत मान डोलवत म्हणाले, मातीशी नाळ बघा. तिसऱ्या रांगेत किसनरावांनी डोळ्याला उपरणं लावलं.

"आन हा सरांचा शोध. हे दोन उंचवटे हाय ना, याले आमच्यात शिंगं म्हनते. लय दूरच्या वायूचा हा आलेख. साऱ्या जगानं पाह्यला." पुन्हा टाळ्या. "आता जरासक मजा पाहा." तिने आलेख हळूच सरकवून फोटोवर आणला. उजवं शिंग उजव्यावर बसलं. डावं खाली वळलं तिथे डावंही खाली वळलं. रेषेला रेष.

मागच्या बाकावरून एक म्हातारा ओरडला, "अबे, हे तं त्याच बैलाचं शिंग हाय!" सगळं सभागृह खदखदून हसलं. आदेशही हसला, पाहुण्यांनी हसावं तसं. मग त्याचं हसू हळूहळू गालावरच अडकलं, कारण मायलेकी सोडल्या तर त्या सभागृहात ते काय आहे हे कळणारा तो एकटाच होता.

"बरोबर हाय, बावा," सुरभी म्हणाली. "त्याच बैलाचं हाय. हा वायू आभाळात नाईच. शेतात आपन बुजगावनं उभं करतो ना, तसं मी माह्या कामात उभं केलं होतं, माह्या मशीनची परीक्षा घ्याले. तितक्यात माह्या आईचं ऑपरेशन निंघालं, मी गावी आलती. मांगं राह्यलेल्यानं माहं वावर आपलं म्हनून कापून नेलं, बुजगावन्यासकट. आन हे पाहा खरं आभाळ." लीनाचा आलेख आला. सपाट. "दुर्बिणीतल्या मूळ नोंदी. कोनीबी उघडून पाहा. इथं कोनतंच शिंग नाई."

आता कोणी हसत नव्हतं. बंडोपंत खुर्चीतून अर्धे उठले, "मॅडम, या ठिकाणी—" आणि पुन्हा खाली बसले. आदेश उभा राहिला. चेहरा चुन्यासारखा. म्हणाला, "हा मत्सर आहे! ही बाई—" मग त्याची नजर पुन्हा पडद्यावर गेली, आणि तोंडातून निघालं भलतंच. "तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

झालं. यापेक्षा वेगळी कबुली काय असते?

"तुम्ही तेव्हाच काऊन नाई विचारलं, सर?" सुरभी म्हणाली. "रोज फोन करत होते. काकू कशा आहे, म्हनत होते. एक डाव विचारलं असतं, मोत्या कोन. मी सांगितलं असतं, आमचा बैल."

तिने माइक ठेवला. शाल तशीच ताटात राहिली. पहिल्या रांगेतले पत्रकार फोन कानाला लावत बाहेर पळाले. बंडोपंत तिच्याजवळ येऊन दात ओठ खात म्हणाले, "माझ्या स्टेजवर! तुमच्या तासिका संपल्या म्हणून समजा." ती म्हणाली, "समजूनच आलती, सर." कोकिळाबाईंच्या तोंडावर अशी तृप्ती होती, की जसं काही लुगडं आज वसूल झालं.

सुरभीला वाटलं होतं, आता आतली आग विझेल. विझली नाही, जराशी बसली. बाहेर आली तर व्हरांड्यात बाकावर आदेश एकटा बसलेला. सासुरवाडीची गाडी निघून गेली होती आणि त्याला घ्यायला कोणी थांबलं नव्हतं. आणि पाहते तर काय, किसनराव आतून पाण्याचा पेला भरून, सांडू न देता, त्याच्याचकडे चाललेले.

तिला वाटलं, संपलं. आता हा बाप माझा सगळा डाव मोडणार. जवळ बसणार, पाठीवर हात ठेवणार, जाऊ दे म्हणणार. ती मागून झपाझप निघाली. कोकिळाबाई तर तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, "गेली गरीब गाय!"

किसनरावांनी पेला पुढे केला. आदेश घटाघटा प्याला. डोळे भरले त्याचे. म्हणाला, "काकाजी, तुम्ही तरी..."

"हिंगनघाटले शेत हाय ना तुहं अजून?" किसनरावांनी विचारलं.

"हो, काकाजी."

"मंग शेती पाय, बापू. हे आभाळाचं काम तुह्या डोक्याचं नाई."

आवाज चढला नाही. रिकामा पेला त्याच्या हातातून परत घेतला, नळाखाली विसळला, आत नेऊन जागेवर ठेवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "चाला, बस चुकन."

सुरभी बापाकडे बघतच राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ती बापासाठी राग सांभाळते आहे, कारण त्याला तो सांभाळता येत नाही. आणि या माणसाने त्या बाकावरचा शब्द न् शब्द, धुळीचा कण लागू न देता, आत जपून ठेवला होता. घरात कोणाला वासही येऊ दिला नाही. तिचा राग तर चार माणसांना दिसला असता. याचा कोकिळाबाईंनाही दिसला नव्हता.

बस वर्ध्याच्या रस्त्याला लागली तरी कोकिळाबाई नवऱ्याकडे टकामका पाहत होत्या. बोलणं त्यांना लांबून ऐकू गेलं नव्हतं, आदेशचं तोंड तेवढं दिसलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस त्यांना आज नव्याने दाखवल्यासारखा झाला होता. शेवटी त्यांना राहवेना.

"अवो, काय म्हनलं तुम्ही त्याले?"

"काई नाई," किसनराव म्हणाले. "त्यानं मले ठेवाले देल्लं होतं, थे वापस केलं."

मग त्यांनी खिशातला खर्रा काढला, चिमूटभर तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर तूर कशी उभी आहे ते पाहत बसले.